डायल चकाचक, घड्याळ परकं

रील्स बघता बघता ती जाहिरात तुमच्याही समोर आली असेल. निळीशार डायल, भोवती फिरणारी आकड्यांची कडा, झळकणारे काटे. ‘व्हिंटेज डायव्हर, स्विस मेड, ओरिजिनल’. किंमत फक्त साडेतीन हजार, पार्सल मुंबईहून. पॉकेटमनी उडवण्याआधी जरा थांबा.

डायव्हर हा मुळात दागिना नव्हे, ते पाणबुड्याचं अवजार. १९५३ मध्ये ब्लाँपँचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं आणि फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी ते वापरलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण ९१ मीटर. पाण्यात उतरताना कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग खाली किती वेळ झाला ते थेट वाचता येतं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा मोजकीच, म्हणून हा खटाटोप. त्या काळातली अस्सल घड्याळं आज लाखांत जातात. तीच साडेतीन हजारात मिळत असतील, तर विकणारा वेडा आहे किंवा आपण!

आपल्याकडे या शौकाची खरी गोष्ट सुरू होते ती फेवर ल्युबापासून. ही स्विस कंपनी १८६५ पासून भारतात घड्याळं विकत होती. साठच्या दशकात तिनं ‘डीप ब्लू’ हे डायव्हर काढलं. ‘बॅथी’ तर पाण्याच्या दाबावरून खोलीही काट्यानं दाखवायचं. पण आपल्या आजोबांच्या मनगटावर असायची ती ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’. रोजच्या वापराची, चावीची घड्याळं. नावात समुद्र, पण डायव्हिंगशी संबंध नाही. कुणी ‘सी किंग डायव्हर’ म्हणून विकायला आलं, तर तिथेच हसा.

जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तीन मेलेल्या घड्याळांचे पार्ट जोडून एक चालू घड्याळ, वर नवा रंग. मला त्या कारागिरांचा राग नाही. भंगारात गेली असती ती घड्याळं त्यांनी जगवली. जुगाड करून तो ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणं, ही मात्र फसवणूक आहे.

हे शहाणपण मला उशिरा आलं. आमच्या आजोबांचं सी किंग होतं. कळव्याहून कारखान्यात पहिल्या पाळीला जाताना ते त्यात बघून लोकल गाठायचे. डायल पिवळी पडलेली, सहाच्या आकड्यापाशी डाग. त्यांच्या पंचाहत्तरीला सरप्राइज म्हणून मी ते एका दुकानात ‘नवं करून द्या’ म्हणून दिलं. परत आलं ते चकाचक, चक्क निळं. आजोबांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे कुणाचं रे?” जुनी डायल परत मागायला धावलो. ती वेगळी नव्हतीच. तीच घासून तिच्यावर नवा रंग मारला होता.

म्हणून सांगतो, घरातलं घड्याळ दुरुस्तीला देताना स्पष्ट बजावा: “मशीन साफ करा, डायलला हात लावू नका.” विकत घेत असाल तर मोबाइलच्या मॅक्रोनं डायलवरची अक्षरं बघा. कंपनीची छपाई रेखीव असते, रंगवलेली अक्षरं जाड आणि वेडीवाकडी. पाठ उघडून मशीनचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला की समजा. जुन्या काट्यांवरचा चमकणारा लेप खरवडू नका, त्यात रेडियम असू शकतं. आणि घड्याळ खरं डायव्हर निघालं तरी ते घालून पोहायला उतरू नका. आतल्या रबरी रिंगा कधीच्या वाळलेल्या असतात.

‘डायव्हर’च हवं, हा हट्टही सोडा की. घरात एचएमटी असेल तर आधी ते बाहेर काढा. १९६१ पासून ती बनत होती. कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला. ते आधी कुणी आणि कशासाठी घेतलं होतं, ते सांगणारं माणूस अजून घरात असेल तर आजच विचारून घ्या.

आमचं निळं सी किंग आता मी वापरतो. दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जातं, म्हणजे साधारण कळवा ते ठाणे. आजोबा भिंतीवरच्या घड्याळात बघतात.