पार्सलाला बशी नसते

कर्जतला गाड्या थांबत आल्या त्या आपल्या भुकेसाठी नव्हे. पुढे बोरघाटाचा चढ आहे, सदतिसाला एक असा. तो चढायला मागून रेटणारी जादा इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. (मी बँकेत असल्याने मित्रांनी त्यावरून मला पुष्कळ छळले आहे.) ही जोडाजोड होईपर्यंत खिडकीतून वडे घ्यायचे, ही जुनी रीत. दिवाडकरांचा वडा नावारूपाला आला तो याच थांब्यावर.

1989 साली पुण्याला निघालो होतो. वडे घेतले, नोट दिली आणि गाडी हलली. विक्रेता पाटी सांभाळत डब्याबरोबर धावला आणि उरलेले पैसे माझ्या हातात कोंबून गेला. मी ते मोजले. बरोबर होते. 'राहू द्या' हे दोन शब्द काही सुचले नाहीत. हॉटेलात बसून खाल्ले असते, तर बडीशेपेच्या बशीत नक्की काहीतरी ठेवले असते.

पार्सलाला बशी नसते, घोटाळा इथेच आहे. बसून खाणाऱ्याला वाढणारा दिसतो, पार्सल नेणाऱ्याला फक्त गल्ला. रश्शाच्या पिशवीला गाठ मारणारा, चटणी वेगळी बांधणारा मागेच राहतो.

गेल्या महिन्यात खालापूरजवळ एका हॉटेलातून आठ वडे आणि चार मिसळी बांधून घेतल्या. मुलाने फोनवरून नेमके पैसे भरले. 2016 साली यूपीआय आले. सुट्ट्यांची कटकट गेली आणि 'वरचे ठेवा'ही गेले. बिलात पॅकिंगचे पैसे वेगळे होते. "ते त्यालाच मिळाले की," मुलगा म्हणाला. मी बांधणाऱ्या पोराला विचारले. तो हसला, "ते डब्यांचे, काका."

2022 च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बजावले, की सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये. ते ग्राहकाच्या मर्जीवर. उत्तम. पण मग मर्जी असायला तर हवी!

उभ्याउभ्या घेतलेल्या दोन वड्यांना काही देऊ नये, असे माझे मत. मोठी ऑर्डर नीट बांधून दिली तर दहा-वीस रुपये द्यावेत, तेही बांधणाऱ्याच्या हातात. पावसात घरी डबा आणणाऱ्याला त्याहून जास्त. "अशाने न देणाऱ्याचे पार्सल मागे पडेल," असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात. ते खोटे नाही. म्हणून पिशवी हातात पडल्यावरच द्यावे.

मी वीसची नोट पुढे केली. पोराने आधी गल्ल्याकडे पाहिले, मग ती खिशात घातली आणि न मागता चटणीची आणखी एक पुडी पिशवीत टाकली. ती परत करायला हवी होती का, यावर खोपोली येईपर्यंत आमचे एकमत झाले नाही.