काका, पावती मिळेल का?

जून उजाडला की सातारच्या सदर बझारमध्ये आणि सांगलीच्या विश्रामबागमध्ये विजेच्या खांबांवर कागद दिसायला लागतात. 'कॉट बेसिसवर रूम मिळेल', 'फक्त मुलींसाठी', 'नोकरदारांस प्राधान्य'. खाली मोबाईल नंबर. फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'गाव कुठलं?' दुसरा, 'आडनाव काय?' भाडं किती, पाणी किती वेळ येतं हे आपण विचारायच्या आधी आपलीच मुलाखत होऊन जाते.

बघायला गेलं की काकू चहा टाकतात. काका म्हणतात, 'घरच्यासारखं राहा.' खरं सांगायचं तर आपल्या गावांची ही चांगलीच गोष्ट आहे. पण गोची पण इथंच होते. घरच्यासारखं म्हटल्यावर करार कसा मागायचा? पावती मागितली तर काकांना वाईट नाही का वाटणार? म्हणून डिपॉझिट रोख, भाडं रोख आणि कागद शून्य. वर्षानं रूम सोडताना मात्र तेच काका वही काढतात. नळाचे एवढे, पंख्याचे एवढे, रंगाचे एवढे. माझ्या आधीच्या रूमच्या मालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले होते. त्या भिंतीवर रंग आम्ही राहायला येण्याआधीपासूनच नव्हता.

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे की नातं ठेवा आणि कागदही ठेवा. एक हवं असेल तर दुसरं सोडावं लागतं, हा आपला गैरसमज आहे.

आधी कागदाचं बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांहून वयानं मोठा. त्याचं कलम 55 प्रत्येक भाडेकरूनं एकदा तरी वाचावं. लिव्ह अँड लायसन्स असो नाहीतर साधं भाडं, करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, तुमची नाही. आणि गंमत पुढं आहे. असा करारच नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं' असं जे सगळीकडं ऐकायला मिळतं, ते महाराष्ट्रात चालत नाही. अकरा महिन्यांची ती पळवाट नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून आली आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात तशी सूट नाही.

खर्च फार येतो म्हणावं, तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. महिना 6,000 चा फ्लॅट अकरा महिन्यांसाठी घेतला तर 66,000 वर 165 रुपये. डिपॉझिटमुळं थोडं वर जाईल, नोंदणी फी वेगळी. चौघांत वाटलं तर वडापावच्या हिशेबातलं काम. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर. भाड्याची पावती देणंही याच कायद्यानं बंधनकारक आहे. हॉस्टेलवाल्याकडं किंवा पीजीत पैसे भरून राहत असाल तर ग्राहक संरक्षण कायद्यातली राहण्या-जेवणाची सेवाही तुमच्या बाजूची आहे. त्यासाठी 1915 हा हेल्पलाइन नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि सोसायटीत राहत असाल तर हे पण ऐका. 'भाडेकरू आहेत म्हणून मेंटेनन्स डबल' असं सांगून मालक तुमच्याकडून जादा घेत असतील, तर गृहनिर्माण संस्थेला फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. शासनानं 2001 मध्येच ते ठरवून दिलंय.

एवढं झालं की कागद संपला. पण कागदानं शेजार मिळत नाही, आणि तो नसला की काय होतं ते सांगलीला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. गावभाग, मारुती चौक पाण्यात होते. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. अशा रात्री इमारतीतल्या लोकांना एकमेकांचे नंबर माहीत असतात, कारण ती वर्षानुवर्षं तिथं राहतात. तिसऱ्या मजल्यावर नाहीतर मागच्या खोलीत राहणाऱ्या 'त्या पोरांचा' नंबर कुणाकडं असतो? पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो तेव्हा तुम्ही तिथं राहत होता हे सांगणार कोण? एक नोंदणी केलेला करार आणि एक ओळखणारा शेजारी. दोन्ही एकाच वेळी लागतात.

एकत्र राहणं कसं उभं राहतं हे बघायचं तर सातारकरांना लांब जावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. एका चुलीवरचं जेवण, एका पंगतीत. त्या काळात हे सोपं नव्हतं. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. कामं मुलं स्वतः करायची. 'घरच्यासारखं राहा' हे शब्द कुणी खरे करून दाखवले असतील तर तिथं.

म्हणून सुरुवातीच्या त्या 'आडनाव काय?'चा राग येतो. साताऱ्याच्याच शाळेत 1900 मध्ये नाव घातलेला एक मुलगा कोलंबियाला शिकून 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. त्या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. पारशी असल्याचं सांगून तो एका पारशी उतारूगृहात राहिला. काही दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज काठ्या कुणी आणत नाही. 'रूम आत्ताच गेली' असं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी खांबावर तोच कागद असतो. 'व्हेज का नॉनव्हेज?' हा प्रश्नही बऱ्याचदा स्वयंपाकापुरता नसतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता आपल्याबद्दल. आपण तरी काय दिवे लावतो? रात्री दीडला स्पीकर, जिन्यात शूजचा ढीग, दिवाळीला गावी जाताना कचऱ्याची पिशवी दारात. खालच्या आजींचं नाव दोन वर्षांत विचारलेलं नसतं. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं आणि आपली टाकी वाहत राहते. 'आपण काय, परीक्षेपर्यंतच' या हिशेबानं राहिलं की समोरचाही तेवढाच हिशेब ठेवतो. मालकांची बाजूही ऐकायला हवी. कित्येक ठिकाणी निवृत्त जोडपं वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवतं. एक महिना भाडं न देता रात्रीत बॅगा उचलून गेलेली बॅच त्यांनी पाहिलेली असते, पुढच्या बॅचकडं ते त्याच नजरेनं बघतात.

हे एकट्या विद्यार्थ्यानं मोडणं अवघड आहे. अठरा वर्षांचं पोरगं, सोबत वडील, संध्याकाळची एसटी धरायची घाई. ते काय घासाघीस करणार? इथं कॉलेजांनी उतरायला हवं. ॲडमिशनच्या टेबलाशेजारी एक टेबल रूमचं टाकायला काय लागतं? एनएसएसच्या मुलांनी उन्हाळ्यात कॉलेजभोवतीच्या रूमची यादी करावी. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, करार करतात का, मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांना डिपॉझिट परत मिळालं का. नियम पाळणाऱ्या मालकांची नावं वर. सोबत कोऱ्या कराराचा मराठी नमुना. आणि सांगलीतल्या कॉलेजांनी पूररेषेच्या आत राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची यादी पावसाळ्याआधी तयार ठेवावी, मालकाच्या आणि एका शेजाऱ्याच्या नंबरासकट.

तोपर्यंत नवी रूम घेताय ना? सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, पंख्याचा फोटो काढा आणि मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सॲप करा, 'काका, आजची रूमची स्थिती' असं लिहून. मग शेजारची बेल वाजवा, नाव सांगा, त्यांचं विचारा.