जोर इंजिनात की धारेत?

मे-जूनमध्ये दिल्लीला आंधी झोडपून जाते, तेव्हा लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीत दुसऱ्या दिवशी यंत्रकरवतीचा कर्कश आवाज घुमू लागतो. कुऱ्हाडीने तासभर खाणारी फांदी हे यंत्र मिनिटभरात वेगळी करते. तरीही चालवणाऱ्याचे समाधान होतेच असे नाही. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘सायलेन्सर मोकळा करून घे, जोर वाढेल!’

सल्ला अगदीच खोटा नाही. या करवतीचे इंजिन म्हणजे जुन्या स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे धाकटे भावंड. सायलेन्सरची भोके मोठी केली किंवा सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याची वाट घासून रुंद केली, की जळका वायू लवकर निघतो आणि इंजिन चपळ होते.

खरी मेख पुढेच आहे. हवेचा ओघ वाढला, पण कार्बोरेटर नव्याने जुळवला नाही, तर त्या मानाने पेट्रोल कमी पडते. या इंजिनाला वेगळे वंगण नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. अनेक यंत्रांत हे प्रमाण लिटरला २० मिलिलिटर असते. म्हणजे पेट्रोल घटले की वंगणही घटते. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा पिस्टन मग तापतो, घासतो आणि जाम होतो. वाढलेल्या जोराची किंमत नव्या पिस्टन-सिलिंडरने मोजावी लागते.

उलट, ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून ऑइल ओतले तर धूर होतो. दिल्लीने तो पुष्कळ सोसला आहे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व पंपांवर टू-स्ट्रोक वाहनांना तयार मिश्रणाचेच पेट्रोल देण्याचा आदेश दिला, त्यासाठी ३१ डिसेंबर १९९८ ही मुदत घातली.

धोका यंत्रापुरताच नसतो. अनेक करवतींच्या सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काढली, तर वाळल्या पानांना आग लागू शकते. मूळचाच आवाज शंभर डेसिबलच्या वर. तो आणखी वाढला की आधी बिघडतात ते चालवणाऱ्याचे कान.

मग जोर आणायचा कुठून? लाकूड कापते ती साखळी, इंजिन तिला फक्त फिरवते. धारदार साखळी लाकडाचे जाडसर कपचे उडवते. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, तर दात बोथट झाले असे समजावे. गोल कानस घेऊन प्रत्येक दातावर सारखेच हात मारावेत, हवेचा फिल्टर साफ करावा, मिश्रण ताजे ठेवावे. एवढ्यावर बहुतेक यंत्रे पुन्हा कामाला लागतात. सायलेन्सर उघडण्याआधी जमिनीवर पडलेला भुसा एकदा चिमटीत धरून पाहायला काय हरकत आहे?