आवडीच्या कादंबरीवर मुलांना बोलू द्या
मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतला मुकुंद नववीत आहे आणि बाहेर आणीबाणी चालू आहे. एखादी मुलगी ती प्रेमकथा म्हणून वाचेल, तिच्या मैत्रिणीला त्यात आधी धाक दिसेल. दोघी समोरासमोर बसल्या, की प्रत्येकीला पानं उलटून आपलं म्हणणं पटवावं लागतं. तिथे गाइडमधलं उत्तर चालत नाही. दहावीच्या तोंडावर वेळ कुठला, असं पालक म्हणतील. महिन्याला एक तासिका पुरेल. वयाला न झेपणारं काही हाती लागेल, ही भीती मात्र खरी आहे. पण तसं पुस्तक मुलं लपून वाचतातच, आणि मग त्यांच्या प्रश्नांपाशी कुणी मोठं माणूस नसतं. शिक्षकांनो, या आठवड्यात वर्गाला विचारा, सध्या काय वाचताय? आणि मध्ये न बोलता ऐका.