काणाडोळा

आपल्या मराठीने डोळ्यांचे कौतुक करताना हात आखडता घेतलेला नाही. लाडके मूल डोळ्यांचे पारणे फेडते आणि जपायचे तर त्याला डोळ्यांत तेल घालून! (हे तेल वाक्प्रचारातच राहू द्यावे, असे मी वर्गात बजावतो. तेल, मध, काजळ यांतले काहीही मुलाच्या डोळ्यांत घालायचे नसते.) पण याच भाषेत 'काणाडोळा' असाही एक शब्द आहे.

१९७६ साली आपल्याकडे अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यातूनच शाळांमध्ये मुलांचे डोळे तपासू लागले. अशाच एका तपासणीनंतर आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीच्या हातात चिठ्ठी आली : उजवा डोळा अधू. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि रोज काही तास डावा, म्हणजे चांगला, डोळा झाकायला सांगितले.

तिच्या आजी तावातावाने आमच्याकडे आल्या. "अहो सर, चांगला डोळा झाकायचा, हा कुठला न्याय? आणि मुलीच्या जातीला चष्मा! उद्या हिला बघायला येतील तेव्हा?"

मी म्हटले, "आजी, वर्गात एक हुशार मुलगा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो. मागच्या बाकावरचा मग बोलायला शिकतच नाही. त्याला बोलते करायचे तर हुशाराला थोडा वेळ गप्प बसवावे लागते."

डोळ्यांचेही तसेच आहे. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला किंवा तो तिरळा असला, तर मेंदूच त्याच्याकडे काणाडोळा करू लागतो. डॉक्टर याला 'अँब्लिओपिया' म्हणतात. दुसऱ्या डोळ्याने काम भागते, म्हणून मूल तक्रार करीत नाही. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो. पुढे ते अवघड होत जाते.

"आणि एकाच डोळ्यावर भिस्त ठेवली," मी म्हटले, "अन् या दिवाळीत त्यातच ठिणगी उडाली तर?"

आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नातीच्या डोळ्यावर पट्टी होती, आणि ती बांधणाऱ्या आजीच होत्या.

आणखीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाळाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली तर दिवाळी संपायची वाट पाहू नये. तिरळेपणा भाग्याचा मानून बसू नये. दिवसांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यातला पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा.

आणि यंदा फराळाला बसण्याआधी मुलांशी एक खेळ खेळा. एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली चित्रे आणि आकडे ओळखायला सांगा. एक डोळा झाकल्यावर मूल चटकन सांगते आणि दुसरा झाकल्यावर चिडते, तुमचा हात बाजूला सारते, असे दिसले तर भाऊबीज आटोपताच नेत्रतज्ज्ञांकडे जा. खेळ बिनबोभाट पार पडला तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्याच.