दस्तरखान : दुपारी दोनचा डबा



आमच्या घरातली सातवीतली लेक शाळा सुरू झाल्यापासून रोज अर्धा डबा परत आणत होती. कधी पोळी सालनात भिजून लगदा झालेली, कधी भाताचा गोळा, कधी वहीवर तेलाचा डाग. आम्ही रागावलो, लाडीगोडी लावली, आवडीचे पदार्थ दिले. फरक पडला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी शाळेत तिला चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन नऊच भरले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. ती बातमी आम्ही वाचली होती, पण आपल्याच घरात असे काही असेल हे मनात आले नव्हते.

लेकीला जवळ बसवून विचारले. ती म्हणाली, "अम्मी, तुमच्या हाताला चव आहे. पण दोन वाजता झाकण उघडले की कोंडलेला वास येतो. सगळे एकमेकांत गेलेले असते. हात माखतात, आणि सुट्टी वीस मिनिटांची."

चूक आमचीच होती. सकाळी दहाला गरमागरम जेवण जसे लागते तसेच आम्ही डब्यात भरत होतो. ती ते जेवत होती दुपारी दोनला, थंड आणि घाईत.

त्याच सुमारास पुण्यात जपानी भाषा शिकणारी आमची भाची जळगावला आली. ती म्हणाली, "मामी, जपानी बायका डबा भरतात तो थंड खाण्यासाठीच." तिकडे या डब्याला बेंतो म्हणतात. शाळा, कचेरी, शेत, रेल्वेचा प्रवास, सगळीकडे तो चालतो. तो पुन्हा गरम करावा लागत नाही, त्यात रस्सा नसतो, आणि प्रत्येक पदार्थ एका घासाचा असतो.

आपल्याला आणखी जवळची वाटावी अशी एक गोष्ट तिने सांगितली. जपानमध्ये बहुतेक सर्व प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण शाळाच देते. त्यासाठी १९५४ चा कायदा आहे. मुले पांढरी टोपी आणि एप्रन घालून एकमेकांना वाढतात. पण त्या जेवणात डुकराचे मांस येते, मसाल्यात मद्य येते. तिकडे मुसलमान कुटुंबे आहेत. कोबे शहरातील मशीद तर १९३५ सालची आहे. त्यांच्यातल्या अनेक आया शाळेने महिनाभराचा छापून दिलेला जेवणाचा तक्ता समोर ठेवतात. शाळेत तळलेली कोंबडी असेल, तर घरूनही तळलेली कोंबडी, मात्र हलाल. आपले मूल पंगतीत वेगळे पडू नये आणि हरामही पोटात जाऊ नये, यासाठी त्या पहाटे उठतात. ते ऐकून आम्हाला आमचा आळस जाणवला.

आधी हलालचा विचार

जपानी स्वयंपाकात साके आणि मिरिन हे दोन पदार्थ वारंवार येतात. साके म्हणजे तांदळाचे मद्य. मिरिन गोडसर असते, पण खऱ्या मिरिनमध्येही मद्यार्क असतो. दोन्ही वगळावेत. मिरिनच्या जागी चिमूटभर साखर आणि पाणी, साकेच्या जागी आल्याचा रस व लिंबू वापरले की काम भागते. सोया सॉस आंबवून करतात, आणि काही बाटल्यांत टिकण्यासाठी वेगळा मद्यार्कही घालतात. म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचावा. शंका असेल तर जाणत्या आलिमांना विचारावे किंवा सरळ मीठ वापरावे. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त मांस नाही एवढेच सांगतो. मद्य नाही, असे तो सांगत नाही.

भरण्याची रीत

डब्याचा निम्मा भाग भात. उरलेल्या निम्म्याचे तीन वाटे करावेत : एक वाटा अंडे, मांस, मासळी किंवा डाळीचा पदार्थ, आणि दोन वाटे भाज्या. लाल, पिवळे, हिरवे, पांढरे आणि काळे असे पाच रंग साधले की पोषणही आपोआप साधते. गाजर, अंडे, काकडी, भात आणि काळे तीळ, झाले पाच रंग.

भात शिजला की ताटात पसरून पंख्याखाली निववावा. वाफ असताना झाकण लावले तर डब्याला घाम सुटतो. भातातले काही जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत आणि कोमट, ओलसर जागेत वाढतात. म्हणून प्रत्येक पदार्थ आधी निववायचा, मगच झाकण. पण निववायचे म्हणजे तासन्‌तास उघडे ठेवायचे नाही. पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

भरताना आधी भात, मग मोठे तुकडे, शेवटी लहान तुकडे फटींत बसवावेत. डबा गच्च भरला की सायकलवर हिंदकळला तरी आत काही सरकत नाही. दोन पदार्थांच्या मध्ये जपानी लोक पान घालत, आता बहुतेक ठिकाणी हिरव्या प्लास्टिकची पट्टी घालतात. आपल्याकडे रावेर-यावलची केळी आहेत. केळीचे पान धुऊन, विस्तवावरून फिरवून, पुसून कापले की उत्तम आडपडदा होतो.

भाताचे मुटके (ओनिगिरी)

एक वाटी इंद्रायणी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा व दीडपट पाण्यात शिजवावा. बासमतीचे मुटके होत नाहीत, भात चिकटच हवा. ओला मलमलचा स्वच्छ तुकडा तळहातावर घेऊन त्यावर मीठ भुरभुरावे, मूठभर भात ठेवावा, मध्ये चमचाभर अगदी कोरडा खिमा ठेवून दाबावे आणि त्रिकोणी आकार द्यावा. जपानमध्ये वर नोरी नावाचे समुद्री शेवाळ लावतात. आम्ही भाजलेले तीळ लावतो. उघड्या हातांनी वळू नयेत, हाताचे जंतू भाताला लागतात.

अंड्याची वळकटी (तामागोयाकी)

दोन अंडी, चमचाभर पाणी, अर्धा छोटा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ फेटावे. तव्यावर पातळ थर ओतावा, जमत आला की गुंडाळून एका बाजूला घ्यावा. पुन्हा थर ओतून त्याच गुंडाळीभोवती लपेटावा. तीन-चार थर झाले की आतपर्यंत पक्की शिजवून, निववून, जाड काप करावेत.

भाताच्या मध्यभागी जपानी लोक खारवलेले आंबट फळ ठेवतात, उमेबोशी. आम्ही लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवतो. लिंबामुळे भाजीतले, हरभऱ्यातले लोह अंगी लागायला मदत होते. म्हणून लेकीच्या डब्यात परतलेली मेथी किंवा उकडलेले हरभरे असतातच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चालू आहेत. डबा हे औषध नव्हे.

धुळ्याची भाकरी

हे सारे आम्ही धुळ्याच्या नणंदेला फोनवर सांगितले. नंदोई यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला जातात. ती हसून म्हणाली, "भाभी, यांना भात-बित चालत नाही. कळण्याची भाकरीच लागते." आम्ही म्हटले, भाकरीच द्या, फक्त रीत घ्या. आता ती भाकरी कापडावर पूर्ण निववून चार तुकडे करते, मग बांधते. केळीच्या पानात शेंगदाण्याचा ठेचा, शेजारी कोरडी बटाट्याची भाजी, उकडलेले अंडे सोलून न ठेवता सालीसकट, कांदा अख्खा. हिवाळ्यात वांग्याचे भरीत असते, पण आटवून कोरडे केलेले आणि वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत. भाकरी आता ओली होत नाही आणि नंदोई पुरी संपवतात.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. मार्च-एप्रिलपासून आपल्या खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो. जपानमध्ये जूनच्या पावसाळी, दमट दिवसांत डब्याची जशी खास काळजी घेतात, तशी आपण उन्हाळ्यात घ्यायला हवी. त्या दिवसांत खिमा, कोंबडी, अंडे डब्यात देऊ नये. द्यायचेच तर पाण्याची छोटी बाटली रात्री बर्फ करून डब्याला लावून द्यावी. त्यापेक्षा दशमी, भाजलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू आणि एक केळे बरे.

खर्च म्हणाल तर आम्ही नवा डबा घेतला नाही. तोच स्टीलचा पसरट डबा, आत दोन छोट्या वाट्या. सकाळची वीस मिनिटे जास्त जातात, म्हणून भाज्या रात्रीच निवडून ठेवतो आणि खिमा आदल्या संध्याकाळी करून फ्रीजमध्ये ठेवतो. सकाळी तो चांगला तापवून, निववून मगच भरायचा.

लेक आता डबा रिकामा आणते. गेल्या आठवड्यात मैत्रिणीसाठी एक मुटका जादा मागितला, शाकाहारी. आम्ही आत गाजराचा कीस आणि तीळ घालून दिला, वेगळ्या डबीत. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्या घरचा डबा किती वाजता उघडतो आणि त्यात काय टिकते, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.