घड्याळ एकच, ऊन मात्र सारखं नाही

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचलाच लातूरच्या क्रीडा संकुलावर, नांदेडच्या स्टेडियमवर पळताना दिसतात. शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात १६०० मीटरला २० गुण. एका गुणाने मेरिट हुकलं की वर्ष गेलं.

आता सांगा, एक जण सकाळी साडेसहाला पळाला आणि दुसरा तीन-चार तास उन्हात रांगेत बसून अकराला, तर दोघांची चाचणी सारखी झाली का?

उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्यामुळे तोच वेग धरला तरी ठोके वाढतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, अंगातलं किती पाणी गेलं ते कळतही नाही. १०० मीटरला गरम हवा उलट थोडी मदतच करते. पण १६०० ला दम निघतो. पावसात आणखी वेगळंच. गोळा हातातून निसटतो, अन् काळ्या मातीचा चिखल बुटाला धरला की पाय उचलत नाही.

२०१९ ला दोह्याच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवली, तरी ६८ पैकी २८ जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली. त्या तर जगातल्या नावाजलेल्या धावपटू. आपल्या शेजारच्या बीडचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी अमेरिकेत उंचावर सराव करून गेला अन् रौप्यपदक घेऊन आला. मोठे खेळाडू हवा बघून तयारी करतात. आपल्या पोरांना पळायची वेळही निवडता येत नाही.

२०२४ ची भरती १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. पावसामुळे चाचणी झाली नाही तर पुढची तारीख देऊ, असं सरकारने तेव्हा सांगितलं. चांगलंच केलं. मग उन्हासाठी असा नियम का नाही?

मागणी साधी आहे. १६०० मीटर सकाळी नऊच्या आत उरका. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा. थांबायला मंडप अन् प्यायला पाणी द्या. याला फार पैसा लागत नाही.

आणि पोरांनो, तोपर्यंत नंबर येईस्तोवर सावली धरा, डोक्यावर ओली दस्ती ठेवा, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट घ्या. पहिल्याच राउंडला सगळा जोर लावू नका.

तुमच्या घरातलं कुणी भरतीला उतरलं असेल, तर त्याचा अनुभव खाली लिहा. लोकप्रतिनिधींनाही टॅग करा.